आधी पाय

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस चार शिंतोडे टाकून निघून गेला. शेतावर जाणाऱ्या बायकांचे हात रिकामे झाले आणि विणकराच्या घरात सूत तुटायला लागलं. कारण एकच, कोरडी हवा. मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांना हवेत थोडा ओलावा लागतो. तो नसला की धागा गवताच्या काडीसारखा कडक होतो आणि वीण घट्ट बसवणाऱ्या फणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला तुटतो.

घरात माणसं तीन. म्हातारा विणकर, त्याचा मुलगा आणि सून. मुलगा आठ वर्षांपासून शहरात यंत्रमागाच्या कारखान्यात होता आणि रविवारी घरी यायचा. सून शेतमजुराच्या घरातली. ती लग्न होऊन आली तेव्हा सूत आणि दोरा यातला फरक तिला ठाऊक नव्हता. आता म्हाताऱ्याच्या बरोबरीने ती दुसऱ्या मागावर बसायची.

त्या उन्हाळ्यात विणकर संघाची एक बाई घरी आली. संघ सहा माग देणार होता. गावातल्या बारा बायकांना वीस दिवसांत विणायला शिकवायचं. एकविसाव्या दिवशी बाई स्वतः येऊन बघणार. निदान आठ जणींनी आपल्या हाताने हातभर कापड विणून दाखवलं, तर माग गावात राहतील आणि कामही संघ देईल. नाहीतर माग ट्रकमध्ये चढून दुसऱ्या गावाला जातील.

"शिकवणार कोण?" बाईंनी विचारलं.

"कोण म्हणजे?" म्हातारा म्हणाला. "साठ वर्षं काय मी माशा मारल्या?"

गोठ्यात आता जनावरं नव्हती. तो झाडून, सारवून, त्यात सहा माग उभे केले. म्हाताऱ्याने बारा दिवस राबून सगळ्यांवर उभ्या धाग्यांचे ताणे चढवले. मुलगा रविवारी आला, दारात उभा राहून मागांकडे बघत राहिला.

"आमच्या कारखान्यात एक माणूस चार माग चालवतो," तो बायकोला म्हणाला. "इथे दोन बायकांत एक. हे किती दिवस पुरणार? शहरात खोली बघून ठेवली आहे मी. एकदाचं घर हलवू."

"वीस दिवस थांबा," ती म्हणाली. "माग गेले तर मीच सामान बांधते."

"बाबा शिकवणार ना?" तो हसला. "मग आत्तापासून बांधायला घे."

पहिल्या दिवशी बारा बायका आल्या. भिंतीला टेकून ओळीने बसल्या. त्यांतल्या बहुतेकींना सून ओळखत होती. एक वीटभट्टीवर काम केलेली, रुंद पंजाची, कमी बोलणारी. तिला सगळे वीटवाली म्हणायचे. एक बडबडी, तिच्या तोंडाचा पट्टा सतत चालू. एक आत्या, साठीची, कोणाची आत्या ते कोणालाच आठवत नव्हतं, पण सगळ्या गावाची.

म्हातारा मागावर बसला. पाय हलले, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे सळसळला, फणीचे ठोके एकात एक मिसळले. बघता बघता चार बोटं कापड विणून झालं. म्हातारा थांबला.

"बघितलं? असं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बसा की आता."

बडबडी बसली. तिने धोटा फेकायची दोरी ओढली, पाय दाबायचा राहिला, धोटा धाग्यांवर आपटून खाली पडला. म्हाताऱ्याने तो उचलून तिच्या हातात दिला. "डोळे कुठे होते तुझे?"

"डोळे इथेच होते, मास्तर. तुमचे हातच दिसले नाहीत."

दोघी-तिघी हसल्या. म्हाताऱ्याला हसू आलं नाही. पुढे वीटवाली बसली. तुटलेला धागा जोडायला तिने हातात घेतला आणि तो तिच्या बोटांच्या भेगांत अडकला. एक सोडवावा तर दुसरा अडके. तिच्या हाताला सगळीकडे सुताची कुसं चिकटली.

"या हातांनी दगड विण," म्हातारा म्हणाला.

वीटवालीने कुसं झटकली, हात पदराखाली घेतले आणि दिवसभर ते बाहेर काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नऊ जणी आल्या. चौथ्या दिवशी पाच. म्हातारा मागाशी बसून राहिला. "विणता येईना माग वाकडा," तो म्हणाला. "यांना आयतं पाहिजे."

सुनेने तुटकी सुतं गोळा केली. दुपारी हापशावर गेली. घागरींची रांग लांब होती, पाण्याची धार करंगळीएवढी. शिकायला येणं बंद केलेल्या बायका तिथेच होत्या.

"का गं येत नाही?" तिने वीटवालीला विचारलं.

वीटवाली घागर सरकवत म्हणाली, "भट्टीवरचा मुकादम शिव्या द्यायचा. पण वीट कशी थापायची ते आधी सांगायचा."

बडबडी म्हणाली, "वहिनी, तुझा सासरा म्हणजे वाऱ्यासारखा विणतो. पण वारा दाखवून कोणाला उडता येतं का?"

सून भरलेली घागर घेऊन परत निघाली. वाटेत तिला स्वतःचं पहिलं वर्ष आठवलं. तिला कोणी शिकवलंच नव्हतं. दुपारी सासरा डोळा लागून पडला की ती मागावर बसायची. दोन बोटं विणायची आणि तो उठायच्या आत उसवून ठेवायची. पहिला महिनाभर तिला कळत नव्हतं की पाय आधी की हात आधी. एकदा धोटा सुटून तिच्या नडगीवर बसला होता. पुढे एके दिवशी म्हातारा मागावर बसला, कापडावरून बोट फिरवलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "काठ ओढला जातोय. धागा सैल सोड." तिच्या शिकण्याबद्दल तो तेवढंच बोलला होता. तीन वर्षांत तेवढंच.

घागर ठेवून ती गोठ्यात गेली.

"मामंजी, बोलायचं होतं."

"बोल."

"बायका आळशी नाहीत. तुम्ही दाखवता ते त्यांना दिसत नाही."

"म्हणजे मी दाखवायचं आणि त्यांना डोळेही मीच द्यायचे?"

"तुम्ही सहा वर्षांचे असताना मागावर बसलात. येत नव्हतं ते दिवस तुम्हाला आठवत नाहीत. मला आठवतात."

म्हाताऱ्याने हातातली सूत गुंडाळलेली कांडी खाली ठेवली. "म्हणजे तुला माझ्यापेक्षा जास्त येतं."

"नाही. तुमच्यापेक्षा कमी येतं. म्हणूनच सांगता येईल."

त्याने कांडी टोपलीत टाकली. मग उठला, पायात वहाणा सरकवल्या आणि अंगणात जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळी जेवायला आला, ताटावर मान घालून जेवला. सुनेने दुसऱ्यांदा वाढलं ते त्याने घेतलं, म्हणून तिला धीर आला.

पाचव्या दिवशी सकाळी ती घरोघर फिरली. "आज मास्तर शिकवणार नाहीत. मी शिकवणार," एवढंच सांगितलं. दहा जणी आल्या. दोघी भट्टीवर निघून गेल्या होत्या.

तिने कोणालाच मागावर बसवलं नाही. कोमट पाण्याची परात मधोमध ठेवली, खरबरीत दगड ठेवले, तेलाची वाटी आणि मेणाचा गोळा ठेवला.

"हात भिजवा. मग दगडाने घासा. भेगांच्या कडा निघाल्या की तेल, वरून मेण. रोज सकाळी हेच. सूत तुमच्या हातावरून घसरलं पाहिजे."

वीटवालीने पदराखालून हात काढले. परातीतलं पाणी बघता बघता लाल मातीचं झालं.

"भट्टी अजून निघते आहे," आत्या म्हणाली आणि पहिल्यांदाच वीटवाली हसली.

"आता बाहेर चला," सून म्हणाली. अंगणाच्या कट्ट्यावर तिने सगळ्यांना ओळीने बसवलं, पायाखाली दोन-दोन लाकडी फळ्या ठेवल्या. "मागाला अशाच दोन पावड्या असतात. डावी दाबली की अर्धे धागे वर जातात, उजवी दाबली की उरलेले. मधल्या फटीतून धोटा जातो. पाय चुकला की फट नाही, फट नाही की धोटा पडला. हात विसरा. आधी पाय. डावा. थांबा. उजवा. थांबा."

म्हातारा खाटेवर पाठ करून पडला होता. त्याच्या पाठीमागे दहा बायका कट्ट्यावर बसून फळ्या दाबत होत्या.

"दिवसभर हेच करायचं का?" बडबडीने विचारलं.

"तुझी बडबड पायाच्या तालात येईपर्यंत."

दुपारपर्यंत खरोखरच ती "डावा गं बाई, उजवा गं बाई" म्हणत गावातल्या सगळ्या भानगडी त्याच तालात सांगायला लागली. दुसऱ्या दिवशी त्या मागावर बसल्या तेव्हा पाय आपोआप पडत होते. मग दोरी. मग फणी. एका दिवशी एकच गोष्ट. गाठीला तिने दोन दिवस दिले, कारण गाठ मोठी झाली की फणीत अडकते आणि जोडलेला धागा पुन्हा तुटतो. वीटवालीच्या गाठी हरभऱ्याएवढ्या व्हायच्या. ती वीतभर सुताचे तुकडे पदरात बांधून घरी न्यायची आणि सकाळी गाठींची माळ आणून दाखवायची. आठवड्याभरात तिच्या गाठी मोहरीएवढ्या झाल्या.

आत्याला धागाच दिसत नव्हता. तिने दहाव्या दिवशी आपणहून चरखा ओढून घेतला. "मी कांड्या भरते. नऊ जणी पुरे तुम्हाला."

म्हातारा रोज खाटेवर असायचा. पण पाठ केली तरी कान उघडेच होते. अकराव्या दिवशी सून आत एका बाईच्या मागाशी वाकली होती. कापडात पट्टे का पडतात ते तिला सापडत नव्हतं. सगळं बरोबर दिसत होतं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"दाराकडून तिसरा माग. एक ठोका जड, एक हलका. उजवा पाय दाबते तेव्हा कंबर उचलते ती."

आत सगळ्या थांबल्या. सुनेने त्या बाईला पुन्हा विणायला सांगितलं आणि कंबरेकडे बघितलं. खरंच उचलत होती. तिने बैठक चार बोटं खाली केली. पट्टे बंद झाले.

"कळलं का?" बाहेरून विचारणा.

"कळलं, मामंजी."

"मग बरं."

त्या दिवसापासून शिकवणं दोन तोंडांनी चाललं. बाहेरून म्हातारा रोग सांगायचा, आत सून औषध करायची. तो म्हणायचा, "पाचव्यावर पाय घाईत सुटतोय." ती त्या बाईला सांगायची, "फणीचा आवाज कानावर आला की मग पाय सोड." हळूहळू त्याची खाट दाराजवळ सरकली. पंधराव्या दिवशी तो उंबऱ्यावर बसला. आत मात्र आला नाही, आणि सुनेनेही बोलावलं नाही. त्याचा तो येईल तेव्हा येईल.

पुढच्या रविवारी मुलगा आला. गोठ्यातून सहा मागांचे ठोके येत होते. तो दारात उभा राहिला, उंबऱ्यावर बसलेल्या बापाला बघितलं आणि मागच्या बाजूने घरात गेला. सून चहा घेऊन गेली तेव्हा तो म्हणाला, "बारा वर्षांचा होतो मी. मलाही असंच दाखवलं होतं. 'बघितलं? असं.' दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा धोटा हातातून काढून घेतला. पुन्हा कधी दिला नाही."

"मागितलात?"

"नाही."

"त्यांनीही विचारलं नसेल."

"नाही," तो म्हणाला आणि चहा पिऊ लागला.

अठराव्या दिवशी दुपारी गरम वारा सुटला. बायका जेवायला घरी गेल्या होत्या. बडबडीने निघताना उकडतं म्हणून मागची खिडकी उघडली होती आणि लावायची विसरली. तासाभराने सगळ्या परत आल्या, तर खिडकीजवळच्या दोन मागांवरचे धागे कडकडीत झाले होते. पहिल्या ठोक्याला वीसेक तुटले, दुसऱ्याला साठेक. मग कोणी ठोका मारायचं धाडस केलं नाही. तुटकी टोकं वाऱ्यावर हलत होती.

बडबडी रडायला लागली. म्हातारा उंबऱ्यावरून उठला आणि पहिल्यांदाच आत आला. ताण्यावर पंजा ठेवून बघितलं.

"कापून टाका," तो म्हणाला. "मेलाय हा. दोन्ही नवे चढवावे लागतील. एकाला दोन दिवस."

"परीक्षेला मधे दोनच दिवस आहेत, मामंजी."

"मला येतात आकडे."

सून मागाखाली शिरली, तुटके धागे मोजले. एकावर एकोणपन्नास, दुसऱ्यावर तीसच्या आसपास. "जोडायचे," ती खालूनच म्हणाली.

"जोडशील. पुढच्या ठोक्याला बाजूचे तुटतील. हवा कोरडी आहे."

"मग हवा ओली करा. ते तुम्ही बघा. गाठी आम्ही बघतो."

म्हाताऱ्याला इतकं सरळ कोणी काम सांगितलं नव्हतं. त्याने बाह्या वर सारल्या. मग घरात गेला. हापशावरून आणलेल्या दोन बादल्या त्याच्या आंघोळीच्या आणि कपड्यांच्या, तीन दिवस पुरवायच्या. त्या त्याने उचलून आणल्या. पोती भिजवून खिडकीला टांगली, उरलेलं पाणी मागांखालच्या जमिनीवर तळहाताने शिंपडलं, एक थेंब सुतावर पडू दिला नाही. वाकून वाकून त्याची पाठ धरली. आत्याने चरखा सोडून दुसरी बादली घेतली आणि त्याच्या मागे मागे शिंपडत निघाली.

"दिसत नाही म्हणतेस ना तुला?" म्हातारा म्हणाला.

"जमीन दिसते," आत्या म्हणाली.

नऊ बायका दोन मागांभोवती बसल्या. सून टोक शोधून द्यायची, बाकीच्या गाठी मारायच्या.  सगळ्यात जास्त गाठी वीटवालीने मारल्या. सव्वीस. दिवस मावळायच्या आत शेवटचं टोक जोडलं गेलं. म्हाताऱ्याने स्वतः बसून पाच ठोके मारले. हळू मारले. एकही तुटला नाही.

"चालेल," तो म्हणाला. सगळ्या बायकांनी ऐकलं.

एकविसाव्या दिवशी संघाच्या बाई आल्या. हातात मोजपट्टी आणि भिंग. म्हाताऱ्याला त्यांनी बजावलं, "मास्तर, आज तुम्ही बोलायचं नाही. सूनबाई, तुम्हीही नाही."

एकेक जण बसली. बडबडी ओठ घट्ट मिटून विणून उठली, जन्मात पहिल्यांदा. एकीचं कापड पार सैल आलं. घाईत तिने फणी पुरती ओढलीच नव्हती. बाईंनी फुली मारली. दुपारपर्यंत सात जणी उत्तीर्ण झाल्या होत्या आणि एकच उरली होती, वीटवाली.

ती बसली. तळहात मांडीवर पुसले. डावा पाय, दोरी, फणी. ठोके सावकाश पण एकसारखे पडत होते. वीतभर कापड झालं आणि मधोमध एक धागा तुटला.

म्हाताऱ्याचं तोंड उघडलं. सुनेने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तोंड मिटलं.

वीटवालीने माग थांबवला. घाई केली नाही. टोक शोधलं, बोट जिभेला लावून ओलं केलं, गाठ मारली, खेचून बघितली आणि पाय पुन्हा खाली गेला. गाठ फणीतून आवाज न करता निघून गेली. हातभर झालं तेव्हा ती उठून बाजूला उभी राहिली, हात मोकळेच ठेवून.

बाईंनी भिंग लावलं. जिथे धागा तुटला होता तिथे बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"गाठ कुठे आहे?"

"आहे तिथेच," वीटवाली म्हणाली.

बाई थोडं हसल्या. मग काठावर मोजपट्टी धरली. "हा काठ ओढला जातोय."

"उजवीकडचा. माहीत आहे मला. सकाळी जास्त होतो, हात तापला की कमी. महिन्याभरात काढते."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "आपला दोष ज्याला सांगता येतो, त्याला दुरुस्त करता येतो," असं म्हणून त्यांनी खूण केली. "आठ."

बायकांनी एकमेकींचे हात धरले. आत्याने आपला चरखा उगाचच एकदा फिरवला. बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि शिकवणाऱ्याच्या जागी म्हाताऱ्याचं नाव लिहायला घेतलं.

सून पुढे झाली. "बाई, त्याच्याखाली माझंही लिहा."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं. बायकाही बघायला लागल्या. म्हातारा खाकरला.

"खाली कशाला?" तो म्हणाला. "वर जागा आहे की."

सुनेने आपलं नाव सांगितलं, अक्षरं बरोबर लिहिली जातात का ते वाकून बघितलं. बाईंनी पुढच्या महिन्यात आणखी बारा जणी पाठवते म्हणून सांगितलं. सून म्हणाली, "पाठवा. पण पहिले दोन दिवस कोणी मागाला हात लावणार नाही, हे आधीच सांगून पाठवा."

रविवारी मुलगा आला. आल्या आल्या त्याने कोपऱ्यात बघितलं. सामान बांधलेलं नव्हतं. त्याने हात-पाय धुतले आणि गोठ्यात गेला. बायकांना सुट्टी होती. सून एका मागावरचे सुटे धागे कापत होती.

तो मागांमधून फिरला. एका फणीवरून बोट फिरवलं. "किती दिवस लागतात शिकायला?"

"वीस."

"मला रविवारच मिळतो."

"मग वीस रविवार."

त्याने दाराकडे बघितलं. बाहेर अंगणात म्हातारा दोन खांबांना सूत ताणून त्याला खळ लावत होता. कुंचला वरून खाली, वरून खाली. त्याला आतलं सगळं ऐकू येत होतं.

मुलाने वहाणा काढल्या आणि कडेच्या मागावर बसला. बायको त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्याचा डावा घोटा धरून पावडीवर ठेवला.

"दाब. थांब. आता सोड."

फळी करकरली. त्याने जोरात दाबलं होतं, मग घाईने सोडलं. बाहेर कुंचला थांबला. दोघांनीही ते ऐकलं. मुलाचा पाय पावडीवर तसाच राहिला, मान ताठ झाली.

 मग कुंचला पुन्हा सुतावरून फिरायला लागला, पहिल्याच संथ गतीने. मुलाने श्वास सोडला आणि दुसरा पाय दाबला.